प्रतिनिधी : औंधचे अप्पासाहेब पंत

श्रोतेहो, आपल्या सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याला माण नदी सगळ्यांच्या ओळखीची. पावसाळ्यात चार दिवस धावणारी आणि उन्हाळ्यात वाळूच दाखवणारी ही नदी साताऱ्याकडच्या माण तालुक्यात उगम पावते, आटपाडीच्या भागातून खाली उतरते, सांगोला ओलांडते आणि पुढे भीमेला मिळते. आज आपण या नदीच्या काठाने थोडे वर, पश्चिमेला जाऊ. सांगोल्याची शीव ओलांडली की आटपाडी लागते. आज हा तालुका सांगली जिल्ह्यात आहे. परंतु १९४८ पूर्वी तिथे इंग्रजांचा अंमल थेट नव्हता. तो मुलूख औंध संस्थानचा. आणि या औंधच्या राजघराण्यातल्या एका मुलाची गोष्ट मला आज आपणांस सांगावयाची आहे. त्याने आधी आपल्या घरची सत्ता लोकांच्या हवाली करण्यास हातभार लावला आणि मग स्वतंत्र भारताचा वकील म्हणून पाऊण जग पालथे घातले. त्यांचे नाव परशुराम भवानराव पंत. लोक त्यांना अप्पासाहेब पंत म्हणत.

प्रथम हे ‘पंतप्रतिनिधी’ नाव कोठून आले ते पाहू. शिक्षक मंडळींना हे ठाऊक असेल, पण बाकीच्यांसाठी सांगतो. राजाराम महाराज जिंजीला वेढ्यात होते, मोगलांची फौज सभोवार होती, तेव्हा छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणारा एक अधिकारी हवा म्हणून ‘प्रतिनिधी’ हे पद निर्माण झाले. पहिले प्रतिनिधी प्रल्हाद निराजी. पुढे हे पद किन्हईच्या परशुराम त्र्यंबक यांच्या घराण्यात आले आणि त्या घराण्याची गादी शेवटी औंधला राहिली. प्रतिनिधी म्हणजे काय? तर दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. स्वतःसाठी न बोलता ज्याने पाठवले त्याच्यासाठी बोलावे, हे त्या शब्दातच आले. अप्पासाहेबांच्या आयुष्याची किल्ली मला या एका शब्दात दिसते. तो शब्द ध्यानात ठेवा, बरं का.

औंध हे काही मोठे संस्थान नव्हे. ७२ गावे, पाऊण लाखाच्या आसपास वस्ती. तीही एका जागी नाही. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी तिसरीकडे, तर गुणदाळ पार विजापूरच्या बाजूला. शेतीच्या वाटणीत एखाद्याला चार दिशांना चार तुकडे यावेत, तसे हे राज्य. पण राजा मात्र वेगळा. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. स्वतः चित्रे काढत, कीर्तन करत, रोज सूर्यनमस्कार घालत आणि शाळेतल्या पोरांकडूनही घालून घेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावात कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा कुंडलजवळचा ओसाड माळ याच राजाने दिला आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधच्या शाळेत बाहेरगावची गरीब मुले शिकत. साने गुरुजी काही काळ तिथे विद्यार्थी होते. गदिमाही त्याच मातीतले.

अशा घरात ११ सप्टेंबर १९१२ रोजी अप्पासाहेब जन्मले. मुंबई विद्यापीठाची पदवी झाली, मग विलायतेस ऑक्सफर्ड झाले, बॅरिस्टरीही झाली. १९३७ च्या सुमारास परत आले तेव्हा वय पंचविशीचे. राजाचा मुलगा, बॅरिस्टर, घरी वाडा, बाहेर मान. आता पुढे काय व्हायचे? एखादी मोठी नोकरी, शिकार, मेजवान्या. त्या काळी बहुतेक संस्थानिकांच्या मुलांचे असेच होई.

येथे एक परका माणूस या गोष्टीत येतो. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधले ज्यू इंजिनियर. बंगलोरला म्हैसूर सरकारच्या विजेच्या सामानाच्या कारखान्याचे ते व्यवस्थापक होते. गांधीजींच्या विचाराने भारलेले. पुढे भगवी वस्त्रे घालून भारतानंद म्हणवून घेऊ लागले. आपल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे १९७३ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने आणणारे ते हेच. हे फ्रीडमन औंधला आले आणि त्यांनी राजाला आणि राजपुत्राला एक साधाच प्रश्न घातला : राज्य जर लोकांचे आहे, तर ते लोकांना का देऊन टाकीत नाही?

प्रश्न साधा, पण उत्तर अवघड. आपल्याकडे बांधावरची एक वीत जमीन सोडताना माणूस सात वेळा विचार करतो. इथे तर राज्य सोडायचे होते. परंतु राजेसाहेबांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये, सत्तरी पूर्ण झाल्यावर, जाहीर केले की औंधचा कारभार आता प्रजेकडे जाईल. मग बापलेक आणि फ्रीडमन यांनी गांधीजींचा सल्ला घेतला. गांधीजींनी घटनेच्या मसुद्यात स्वतः लक्ष घातले. राजाने आपला खर्च आवरावा, साधे राहावे, मुलाने खेड्यांत राबावे आणि मतदाराला लिहिता-वाचता यावे, असा त्यांचा आग्रह होता. जानेवारी १९३९ मध्ये ही घटना अमलात आली आणि गांधीजींनी आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात तिच्याबद्दल लिहिले.

या घटनेची बैठक कशी होती? गावाने पाच पंच निवडावयाचे. पंचायतींच्या प्रमुखांनी मिळून तालुक्याचा कारभार पाहावयाचा. तालुक्यांतून माणसे राज्याच्या विधिमंडळात जावयाची. म्हणजे सत्तेचे पाणी पाटाने वरून खाली सोडायचे नाही, तर विहिरीतल्या झऱ्यासारखे ते खालून वर यायचे. सारा गोळा झाला की त्यातला मोठा वाटा गावाकडे आणि तालुक्याकडेच परत यावयाचा. शाळा, रस्ता, विहीर, आरोग्य ही कामे पंचायतीची. गावचे तंटे शक्य तो गावातच, पंचांसमोर मिटवावयाचे. सातारा-पुण्याच्या कचेऱ्यांचे हेलपाटे ज्यांनी घातले आहेत त्यांना याची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, या ठिकाणी तुमच्या धंद्याचा मान कसा वाढला पाहा. मत द्यायचे असेल तर अक्षर आले पाहिजे. मग रात्री कंदिलाच्या उजेडात शिकवणारा गुरुजी हा नुसता गुरुजी राहिला नाही, तो मतदार घडवणारा माणूस झाला. यावर कोणी म्हणेल, ज्याला अक्षर येत नाही त्याला अक्कल नसते काय? आक्षेप खरा आहे. स्वतंत्र भारताच्या घटनेने ही अट ठेवली नाही आणि योग्यच केले. तरीपण औंधात त्या अटीमागचा हेतू कुणाला वगळण्याचा नव्हता, सगळ्यांना शाळेत आणण्याचा होता, हे विसरून चालणार नाही.

आता आटपाडीची एक हकीकत. १९३९ साली आटपाडीजवळ फ्रीडमन आणि अप्पासाहेब यांच्या पुढाकाराने ‘स्वतंत्रपूर’ नावाची वसाहत वसली. वसाहत कोणाची? कैद्यांची. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसे तिथे भिंतीवाचून, बेड्यांवाचून, बायकामुलांसह राहू लागली, जमीन कसू लागली. पुढे व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला. त्याची कथा गदिमांची आणि तिचे मूळ या स्वतंत्रपुरात. आपल्यापैकी अनेकांनी तो बोलपट पाहिला असेल, पण तो आपल्या शेजारच्या माळावर घडला हे फार थोड्यांना ठाऊक असते.

याच वेळी आपल्या सोलापूर शहरात काय होते, ते आठवा. सोलापुरात ‘सेटलमेंट’ होती. इंग्रजांच्या कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारलेला. पोर आज जन्मले, त्याने अजून डोळे उघडले नाहीत, तरी ते गुन्हेगार! त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायचे आणि त्यांची हजेरी घ्यायची. हा कायदा गेला तो १९५२ साली. म्हणजे सांगोल्याच्या अलीकडे निरपराध माणूस तारेच्या आत आणि सांगोल्याच्या पलीकडे शिक्षा झालेला माणूस मोकळ्या रानात. अंतर शंभर मैलांच्या आतले. फरक माणसांत नव्हता, त्यांच्याकडे पाहणाऱ्या राज्यात होता. एखादे राज्य लहान आहे म्हणून त्याचे काम लहान नसते, ते असे.

१९४२ नंतर सातारच्या बाजूला क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. कुंडल हे त्यातले मोठे ठाणे आणि कुंडल होते औंधच्या मुलखात. इंग्रजांच्या पोलिसांना संस्थानच्या हद्दीत हात घालणे तितके सोपे नसे, म्हणून भूमिगत कार्यकर्त्यांना तिथे आसरा मिळे. अप्पासाहेब या काळात औंधच्या मंत्रिमंडळात होते, पुढे पंतप्रधान झाले. राजपुत्र म्हणून नव्हे, तर विधिमंडळापुढे जाब देणारा कारभारी म्हणून त्यांनी राजकारणाचे धडे घेतले. समोर बसलेला शेतकरी विचारतो, ‘का हो अप्पासाहेब, आमच्या गावची विहीर का राहिली?’ आणि त्याला उत्तर द्यावे लागते. ऑक्सफर्डमध्ये ही परीक्षा नव्हती.

मग स्वातंत्र्य आले आणि ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. येथे आपण थोडे थांबू. विलीनीकरण योग्यच होते. शेकडो संस्थानांचे तुकडे राखून देश उभा राहिला नसता. पण त्या विलीनीकरणात औंधच्या पंचायतींचे अधिकारही गेले. ७२ गावांनी नऊ वर्षे जे स्वराज्य चालवले ते एका दिवसात मोठ्या राज्याच्या कायद्याखाली आले आणि गावाची तिजोरी पुन्हा कचेरीकडे गेली. इतर संस्थानांत राजाची सत्ता गेली. औंधात ती राजाने आधीच सोडली होती, म्हणून तिथे गेली ती लोकांची सत्ता. हे लागणारे आहे. दुसरी एक गोष्टही प्रांजळपणे सांगितली पाहिजे. औंधचे स्वराज्य लोकांनी झगडून मिळवलेले नव्हते, वरून दिलेले होते. दिलेली वस्तू काढून घेतली गेली तेव्हा तिच्यासाठी फार मोठा आवाज उठला नाही. घेतलेल्या हक्कात आणि दिलेल्या हक्कात फरक असतो, तो हा.

पस्तिशीतले अप्पासाहेब आता राज्यावाचून आणि कामावाचून होते. पंडित नेहरूंना तर माणसांची निकड होती. नवा देश, नवा झेंडा आणि जगभर आपले वकील नेमायचे. इंग्रजांच्या वेळी परराष्ट्र खाते आपल्या हातात नव्हते, त्यामुळे तयार माणसे थोडी. म्हणून कोणी प्राध्यापक, कोणी वकील, कोणी माजी दिवाण असे निवडावे लागले. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले बाळासाहेब खेर १९५२ साली लंडनला हाय कमिशनर म्हणून गेले, ते याच गरजेपोटी. अप्पासाहेबांना १९४८ साली पूर्व आफ्रिकेत नैरोबी येथे भारताचे कमिशनर म्हणून पाठवण्यात आले.

केनिया तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात. तिथे हिंदी माणसे पुष्कळ. १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोंबासापासून आत रेल्वे बांधली, तेव्हा सुमारे ३२ हजार हिंदी मजूर नेले. अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. त्यांच्यामागून गुजराती, पंजाबी, गोमंतकीय दुकानदार, कारकून, कारागीर गेले. खेड्यापाड्यात दुकान घालून बसणाऱ्या हिंदी माणसाला तिकडे ‘दुकावाला’ असे नावच पडले. वर गोरे, मध्ये हिंदी, खाली आफ्रिकी, अशी उतरंड. रेल्वेचा डबा वेगळा, शाळा वेगळी, दवाखाना वेगळा. डोंगराळ पठारावरची उत्तम जमीन फक्त गोऱ्यांसाठी राखून ठेवलेली आणि ज्या किकुयू शेतकऱ्यांची ती मूळची, ते तिथे मजूर. आपल्या शेतकरी श्रोत्यांना हे चित्र डोळ्यांसमोर आणणे जड नाही.

मग भारताच्या वकिलाने कोणाच्या बाजूने बोलायचे? सोपा मार्ग असा होता की हिंदी व्यापाऱ्यांची गाऱ्हाणी इंग्रज गव्हर्नरपुढे मांडायची, दोन सवलती मिळवायच्या आणि सत्काराचे हार घ्यायचे. नेहरूंचे धोरण निराळे होते. आफ्रिका ही आफ्रिकी लोकांची, तुम्ही तिथे पाहुणे आहात, त्यांच्या हिताच्या आड येऊन तुम्हांला काही मागता येणार नाही, असे ते हिंदी लोकांना उघड सांगत. अप्पासाहेबांनी हे धोरण मनापासून उचलले. जोमो केन्याटा आणि त्यांचे सहकारी यांच्याशी त्यांनी मैत्री केली. गोऱ्यांच्या राज्यात आफ्रिकी माणसाला बरोबरीने घरी बोलावणे, पंगतीला बसवणे हीच मोठी राजकीय गोष्ट होती. त्यांच्या पत्नी डॉ. नलिनीदेवी शस्त्रक्रियेच्या डॉक्टर. नवराबायकोचे घर सर्वांना उघडे. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. याच काळात पूर्व आफ्रिकेतल्या हिंदी लोकांनी गांधीजींच्या स्मारकासाठी निधी जमवला. त्यातून सर्व वर्णांच्या मुलांसाठी उच्च शिक्षणाची सोय झाली आणि पुढे त्याच संस्थेचे नैरोबी विद्यापीठ झाले.

इंग्रज अधिकाऱ्यांना हे रुचणे शक्य नव्हते. ऑक्टोबर १९५२ मध्ये केनियात आणीबाणी पुकारली गेली. माऊ माऊ चळवळीचे पुढारी म्हणून केन्याटांना पकडले, खटला भरला आणि सात वर्षांची शिक्षा ठोठावली. त्यांच्या बचावासाठी जे वकील उभे राहिले त्यांत नेहरूंनी पाठवलेले दिवाण चमनलाल होते, नैरोबीचे अच्छरू कपिला होते, गोव्याच्या कुळातले फिट्झ डिसूझा होते. अप्पासाहेबांवर वसाहत सरकारचा रोष होताच. तक्रारी लंडनमार्गे दिल्लीला गेल्या आणि १९५४ साली त्यांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ज्या कामासाठी एक सरकार त्यांना नको म्हणत होते, त्याच कामाची कदर दुसरे सरकार करीत होते. वकिलाच्या नशिबी असे असते.

नैरोबीनंतर १९५५ मध्ये ते गंगटोकला पोलिटिकल ऑफिसर झाले. सिक्कीम, भूतान आणि तिबेटमधल्या आपल्या कचेऱ्या हे सारे त्यांच्याकडे. १९५८ च्या सप्टेंबरात नेहरू भूतानला निघाले. भूतानला तेव्हा मोटारीचा रस्ता नव्हता. नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून देशाचा पंतप्रधान शेजाऱ्याच्या घरी गेला. बरोबर अप्पासाहेब होते. पारो गावी नेहरूंनी भूतानच्या लोकांना सांगितले की तुम्ही स्वतंत्रच राहावे, अशीच आमची इच्छा. मोठ्याने लहानाला असे म्हणणे सोपे नाही. औंधच्या मुलाला त्याचे मोल कळत असणार. तिबेटच्या बाबतीत मात्र आपला देश फारसे काही करू शकला नाही. मार्च १९५९ मध्ये दलाई लामांना ल्हासा सोडावे लागले आणि महिनाअखेर ते भारताच्या हद्दीत आले. त्या वर्षी निर्वासितांचे लोंढे हिमालय उतरताना अप्पासाहेब त्याच सरहद्दीवर नेमणुकीस होते.

१९६१ ते १९६४ ते इंडोनेशियात राजदूत होते. १९६२ साली जाकार्ताला आशियाई खेळ झाले. यजमानांनी इस्रायल आणि तैवान यांना येऊ दिले नाही. खेळांच्या संस्थेतले आपले गुरुदत्त सोंधी यांनी याला हरकत घेतली आणि शहरात भारताविरुद्ध वातावरण पेटले. ३ सप्टेंबरला जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना. सारे मैदान आपल्याविरुद्ध ओरडत असताना आपल्या पोरांनी दक्षिण कोरियाला दोन विरुद्ध एक असे हरवून सुवर्णपदक जिंकले! ज्या आशियाई बंधुत्वासाठी राजदूत राबत होता, त्याच्या घरावरच दगड आले होते. दीड महिन्याने चीनने आपल्यावर आक्रमण केले. तो काळ भारताच्या सर्वच वकिलांना कठीण गेला.

त्यानंतर नॉर्वे, मग इजिप्त. १९६७ च्या जून महिन्यातले अरब-इस्रायल युद्ध त्यांनी कैरोत असताना पाहिले. १९६९ साली लंडनला हाय कमिशनर झाले. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, तेव्हा भारताची बाजू इंग्लंडच्या सरकारला, पार्लमेंटला आणि वृत्तपत्रांना समजावून देणे हे त्यांचे काम. डिसेंबरात युद्ध झाले, बांगलादेश स्वतंत्र झाला. ८ जानेवारी १९७२ रोजी शेख मुजीबुर रेहमान पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटून आधी लंडनला उतरले. भारताच्या वतीने त्यांची भेट घेणारे होते अप्पासाहेब पंत. एका नव्या देशाचा पुढारी, अजून स्वतःच्या मातीवर पाय न ठेवलेला, आणि त्याच्यासमोर भारताचा प्रतिनिधी. तो जुना शब्द येथे पुन्हा भेटतो.

पण त्याच वर्षाने त्यांना एक कडू घोटही दिला. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने हिंदी वंशाच्या लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम काढला. पिढ्यान्‌पिढ्यांची दुकाने, घरे, मळे टाकून हजारो कुटुंबे निघाली. सत्तावीस-अठ्ठावीस हजार माणसे इंग्लंडात आली. वीस वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत फिरून ‘आफ्रिकी माणसाशी एकजीव व्हा’ असे ज्यांनी सांगितले होते तेच अप्पासाहेब तेव्हा लंडनला होते, बदलीच्या उंबरठ्यावर. मग त्यांचा सल्ला चुकला काय? कोणी म्हणेल, आफ्रिकी लोकांची एवढी बाजू घेतली, आणि फळ काय मिळाले? मला असे वाटते की सल्ला चुकला नव्हता, तो फार थोड्यांनी ऐकला होता. आणि ज्यांनी ऐकला होता त्यांनाही अमीनच्या बंदुकीने वगळले नाही. जुलमी माणूस चांगल्या शेजाऱ्यात आणि वाईट शेजाऱ्यात फरक करीत नाही. म्हणून काय चांगला शेजारी होणे सोडायचे?

लंडननंतर ते इटलीत राजदूत झाले आणि १९७५ साली निवृत्त होऊन महाराष्ट्रात परतले. औंधच्या प्रयोगावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, आपल्या वकिलीच्या आठवणी लिहिल्या आणि वडिलांच्या शिकवणीला जागून सूर्यनमस्कारांवरही लिहिले. १९९२ साली ते वारले.

श्रोतेहो, जमाखर्च मांडू गेलो तर खर्चाची बाजू जड दिसते. औंधचे स्वराज्य विलीन झाले. नैरोबीहून परत यावे लागले. तिबेट गेला. जाकार्तात दगड पडले. आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची घरे उठली. मग जमेला काय? जमेला हे, की केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला तेव्हा केन्याटांच्या बाजूने कोण उभे होते हे तिथल्या लोकांना ठाऊक होते. जमेला हे, की भूतान आजही स्वतंत्र देश आहे आणि १९७१ पासून संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद आहे. जमेला हे, की स्वतंत्रपूरची वसाहत आटपाडीला टिकून राहिली. आणि औंधचे म्हणाल, तर १९५८ साली मुंबई राज्यात ग्रामपंचायतींचा नवा कायदा झाला, १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि अप्पासाहेब वारले त्याच १९९२ साली संसदेने त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती मंजूर करून ग्रामपंचायतीला देशाच्या घटनेत जागा दिली. ७२ गावांनी जे १९३९ साली करून पाहिले, त्याकडे सारा देश त्रेपन्न वर्षांनी वळला.

पण घटनेत जागा मिळाली म्हणजे गावात जागा मिळाली असे नाही. आपल्या गावची ग्रामसभा भरते का? भरली तर बायामाणसे बोलतात का? हिशेबाचा कागद कुणी मागतो का? सह्या आधी आणि सभा मागाहून, असे तर होत नाही ना? औंधचे स्वराज्य दिलेले होते म्हणून ते सहज गेले, असे मी मघाशी म्हणालो. आजचे आपले स्वराज्य घटनेने दिलेले आहे. ते घ्यायचे काम अजून आपल्याकडेच आहे.

गुरुजनांना एक विनंती. इतिहासाच्या तासाला मुलांना पानिपत सांगा, प्लासी सांगा, पण कधी तरी माण नदीच्या काठाने चालत आटपाडीचीही गोष्ट सांगा. एका राजाने राज्य सोडले, त्याच्या मुलाने खेड्यातल्या पंचांपुढे जाब दिला आणि तिथे शिकलेला धडा घेऊन तो परमुलखात देशाच्या वतीने बोलला, हे मुलांना कळू द्या. सरपंच असो, आमदार असो की राजदूत, तो शेवटी कोणाचा तरी प्रतिनिधी आहे. त्याला पाठवणारे आपण आहोत, आणि तो काय बोलला हे विचारण्याचा हक्क आपला आहे.